स्नेअर जरा अलीकडे

उजव्या हाताची तर्जनी आता उशिरा पडते. फार नाही, पडद्यावर लहर मोठी करून पाहिली तर दहा-बारा मिलिसेकंद. डॉक्टर त्याला सांध्यांची झीज म्हणतात. माझ्याकडे बीट मशिनचे पॅड वाजवायला शिकणारी डोंबिवलीची मुलगी त्याला ‘पॉकेट’ म्हणते. “काका, काय मागे ठेवता हो तुम्ही स्नेअर!” मी नुसती मान डोलावतो. झिजेचं कौतुक फुकटात होत असेल तर नाही कशाला म्हणा? ‘काका’ तेवढं खटकतं.

पण या वेळच्या रेकॉर्डला मागे रेंगाळणारा स्नेअरचा ठोका चालेना. आमचा रॅपर कल्याणचा, लिहितो मराठीत, आणि मराठी ओळ सहसा क्रियापदावर जाऊन टेकते. सांगायचं ते सांगून झालेलं असतं, चौथ्या ठोक्यावर उरतं ‘होतं’, ‘गेलं’ नाहीतर ‘आहे’. त्या आधीच सैल अक्षरांवर स्नेअर उशिरा येऊन बसला की अख्खी ओळ बसते. तोच केसभर अलीकडे आला तर आधीच्या शब्दाला ठोसा मिळतो आणि क्रियापद मोकळं सुटतं. शेवटी फक्त यमकं जुळवणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. ‘करतो-मरतो-ठरतो’वर आयुष्य निघतं त्यांचं.

डेट्रॉइटच्या जे डिला या बीट बनवणाऱ्याबद्दल सगळे सांगतात की तो ठेका मागे ओढायचा. नीट ऐका. त्याचा स्नेअर कित्येकदा किंचित घाईत असतो, म्हणून बाकीचं सगळं आळसावल्यासारखं वाटतं. स्टोन्स थ्रो या कंपनीनं त्याचा ‘डोनट्स’ अल्बम काढला ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. तीन दिवसांनी तो गेला. त्याच्या आजारपणाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, स्नेअर कुणी ऐकलेला नाही. त्याचा एमपीसी ३००० हा सॅम्पलर आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहे. उद्या तो माझ्या टेबलावर आणून ठेवला तरी माझी तर्जनी उशिराच पडणार.

यंत्रातल्या स्विंगनंही काम होत नाही. ९० बीपीएमला सोळावा भाग साधारण १६७ मिलिसेकंदांचा. स्विंग ५४ टक्के केला की जोडीतला दुसरा ठोका १३ मिलिसेकंद मागे सरकतो. मागेच सरकतो, आणि दुसराच. दोनवरच्या आणि चारवरच्या स्नेअरला तो हातही लावत नाही.

मग माउसनं ओढा डावीकडे दहा मिलिसेकंद. ओढला. दर वेळी तेवढाच अलीकडे पडणारा स्नेअर चार बारांत अलीकडचा राहत नाही. कान त्यालाच बरोबर धरतो आणि रॅपरच चुकतोय असं वाटू लागतं. ‘ह्युमनाइज’चं बटण दाबलं तर ठेका प्यायल्यासारखा चालतो. यंत्र इकडेतिकडे हलवतं, पण कुठली ओळ जड आहे आणि कुठली नुसती भरीची, हे त्याला कुठून कळणार? तमाशाच्या फडातला ढोलकीवाला हे सहज करतो, कारण त्याची नजर नाचणारीच्या पायांवर असते.

हल्ली ढोलकी म्हणजे काय तर विकतच्या बीटवर चिकटवलेला लूप. त्यावर ढोल-ताशा, वर एक गर्जना, झालं मराठी हिप हॉप. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आला आणि ज्यांनी रॅपरला दारात उभं केलं नव्हतं ते करार घेऊन फिरू लागले. त्या गर्दीतून जे आलं त्यातलं बरंचसं मास्टर करताना ठेचून ठेचून मोठं केलेलं असतं. स्पॉटिफाय मुळात सगळ्यांना आवाजाच्या एकाच पातळीला, उणे १४ लफ्सच्या आसपास आणून सोडतं, मग ठेचलेलं गाणं मोठंही लागत नाही, नुसतं सपाट लागतं. आणि तीस सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजली जाते म्हणून हुक सुरुवातीलाच. आमच्या पहिल्या गाण्यात चाळीस सेकंद नुसता ठेका आहे. रॅपर म्हणाला, “दादा, लोक पुढे ढकलतील.” ढकलोत. तो ठेका ऐकवण्यासाठीच तर मी रेकॉर्ड काढतो, त्याचे शब्द हे निमित्त. हे त्याच्यासमोर मी बोललेलो नाही.

शेवटी स्नेअर डोंबिवलीच्या त्या मुलीनं वाजवला. हेडफोनमध्ये रॅपरचा आवाज मोठा आणि क्लिक जवळजवळ बंद, एवढंच मी सांगितलं. ती ओळी ओठांत पुटपुटत वाजवत होती. जड ओळीला पुढे, भरीच्या ओळीला जागच्या जागी. मी ते यंत्राच्या मापात बसवलं नाही, क्वांटाइज केलं नाही. करावंसं फार वाटलं, कारण मग तो थोडा तरी माझा झाला असता.

वितरकाचा फॉर्म भरताना प्रत्येक गाण्याखाली निर्माता, गीतकार, वादक असे रकाने येतात. निर्माता मी. वादकाच्या रकान्यात तिचं नाव घातलं, अगदी शुद्धलेखन तपासून. शुक्रवारी रेकॉर्ड बाहेर पडलं आणि रात्रीच एका जाणकार मित्राचा मेसेज आला : ‘तुझा स्नेअर बदललाय, भन्नाट.’ फोनवर गाणं वाजताना नाव दिसतं रॅपरचं आणि माझं. वादकांची नावं पाहायला आत जाऊन आणखी एक पान उघडावं लागतं. ते त्यानं उघडलं नसणार. मी त्याला ‘थँक्स’ लिहून पाठवलं आणि पुढच्या रेकॉर्डसाठी तिला मंगळवारी यायला सांगितलं.