नवी गादी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. कोंकणी वाचक अंथरुणाला हांतरूण म्हणतील, एवढाच काय तो फरक. परंतु या उपदेशात अंथरुणाच्या लांबीपलीकडे कशाचाच विचार झालेला दिसत नाही. ते जाड किती असावे, कशाने भरलेले असावे, त्यावर एकाने कूस बदलली असता दुसऱ्याला कितपत कळावे, याविषयी ती म्हण अगदी मौन पाळते. हे मौन मला वयाच्या ४६ व्या वर्षी, गेल्या मार्गशीर्षात प्रथम जाणवले. त्या महिन्यात मी आईसाठी गादी घेण्यास निघालो होतो.

आमचे गाव निर्णा. बीदर जिल्ह्यातले, पूर्वी हुमनाबाद तालुक्यात होते, अलीकडे चिटगुप्पा तालुक्यात आले. १९५६ साली जुने हैदराबाद राज्य मोडले तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. घरात मराठी, शेजारी कानडी आणि बाजारात दखनी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. त्यामुळे लहानपणी मी ज्या पांघरुणात झोपलो ते आमच्या घरी वाकळ, शेजारच्या घरी कौदी आणि मोहल्ल्यात गुदडी होते. चिंध्या मात्र तिन्ही घरच्या सारख्याच. खाली घोंगडी, वर वाकळ, आणि उन्हाळ्यात ही सारी मिरवणूक माळवदावर. गादी म्हणजे वडीलधाऱ्यांची वस्तू. तिच्यावर आम्ही मुले पाहुणा गेल्यानंतर आणि आई स्वयंपाकघरात असतानाच उड्या मारीत असू.

या शब्दालाच आपल्याकडे एक दरारा आहे. राजे गादीवर बसत, सावकार गादीवर बसत, मठाधिपती अजूनही गादीवर बसतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या संस्थानाची गादी आहेच. गादीवर झोपणे ही त्या मानाने फार अलीकडची आणि सामान्य माणसाची गोष्ट म्हणायची.

आमच्या घरची गादी कापसाची होती. तीन-चार वर्षांनी तिचे दगडासारखे गोळे झाले की दिवाळीनंतर नदाफांच्या घरचे एक वृद्ध गृहस्थ खांद्यावर पिंजण घेऊन येत. अंगणात ती भली मोठी कमान टांगून ते लाकडी ठोकळ्याने तिच्या तातीवर आघात करीत, आणि तो टँव टँव असा नाद गल्लीच्या टोकापर्यंत जाई. कळकट गोळ्यांचा पाहता पाहता पांढरा ढग होई. त्या ढगात हात घातला तर बसे ती धपाटी नदाफकाकांची की आईची, हे तंतू डोळ्यांत गेल्यामुळे कधीच कळले नाही. खोळ धुऊन वाळलेली असे. कापूस पुन्हा भरला जाई, टाके पडत, आणि त्या रात्री गादी एक वीतभर उंच झालेली असे. एकच गादी अशी अनेक जन्म घेई. आज पिंजण्याचे काम विजेच्या यंत्रावर होते. पण आमच्या आईने ती परंपरा पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत चालविली. पुढे अण्णांचे दुखणे सुरू झाले आणि गादी पिंजायची राहून गेली.

अण्णा गावातल्या शाळेत मास्तर होते. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली. गेल्या चार वर्षांपासून त्यांना स्मृतिभ्रंशाने घेरले आहे. दिवसा ते बरेचसे आमचे असतात. रात्री मात्र त्यांना शाळेची घंटा ऐकू येते. ते उठतात, टोपी शोधतात आणि दाराकडे चालू लागतात. गतवर्षी भाद्रपदात एका पावसाळी रात्री आईचा डोळा लागला, आणि पहाटे ते शाळेच्या फाटकाशी भिजून कुडकुडत उभे असलेले एका दूधवाल्याला सापडले. त्यानंतर आईने दाराला वरची कडी बसवून घेतली. परंतु कडी हे दाराचे रक्षण झाले. अंधारात उंबऱ्याला ठेचकाळून पडण्यापासून कडी कोणाला वाचवीत नाही.

मी कलबुर्गीला वकिली करतो. उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ तेथे २००८ साली आले, २०१३ साली ते कायम झाले, आणि आमच्यासारख्यांचा बेंगळूरचा प्रवास वाचला. निर्ण्याहून पहाटे निघाले तर कोर्टाच्या वेळेला पोहोचता येते. हे अंतर असे सांगितले म्हणजे रोज जाऊन-येऊन करणे शक्य आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. ते माझ्याही ध्यानात आहे. मी पंधरा दिवसांनी जातो.

अशाच एका रविवारी आईला उठून बसताना कमरेवर हात दाबावा लागतो, असे मला दिसले. डॉक्टरांनी तपासले, गोळ्या दिल्या आणि विचारले, “झोपता कशावर?” आईने ते संकोचून सांगितले. सैल पडलेल्या नवारीचा सागवानी पलंग आणि त्यावर मध्यभागी खड्डा पडलेली कापसाची गादी! डॉक्टर म्हणाले, गादी बदला. मला, खरे सांगायचे तर, हायसे वाटले. पैसे देऊन पार पाडता येईल असे एक कर्तव्य त्यांनी मला काढून दिले होते.

वकिलाला खरेदी करायची झाली म्हणजे तो आधी कागद वाचतो. महिनाभर मी गाद्यांविषयी इतके वाचले, की एखाद्या अपिलाची तयारी सहज झाली असती. पाठदुखीला लाकडासारखे कठीण अंथरूणच उत्तम, हा माझा पिढीजात समज. तोच आधी ढासळला. २००३ साली स्पेनमधील डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना कठीण किंवा मध्यम कठीण गादी देऊन ९० दिवसांनी पाहिले, तो मध्यम गादीवाल्यांचे दुखणे अधिक कमी झालेले आढळले. मग स्प्रिंगांचा अभ्यास झाला. साध्या स्प्रिंगच्या गादीत सगळी वेटोळी तारेने एकमेकांना जखडलेली असतात. एक दबले की शेजारची चार कुरकुरतात. अगदी एकत्र कुटुंबासारखे. यावर जेम्स मार्शल नावाच्या कॅनडातील अभियंत्याने १९०० सालच्या सुमारास उपाय काढला. त्याने प्रत्येक वेटोळे कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवून टाकले. मग ज्याच्यावर भार येईल तेच दबते. शेजाऱ्याला त्याची वार्ता नसते. सुरुवातीला हे शिवणकाम हाताने होई. १९२५ साली अमेरिकेतील सिमन्स कंपनीने ते यंत्रावर आणले आणि साडेएकोणचाळीस डॉलरला एक गादी विकावयास काढली. त्या काळी ही चैनच होती. ‘पॉकेट स्प्रिंग’ म्हणून जी गादी आज आपल्या शहरांत उंची माल म्हणून विकली जाते ती हीच. मला तत्त्व पटले. वेगवेगळ्या खोळीत राहून एका छपराखाली नांदणे ही कल्पना आमच्या पिढीला पटायला वेळ लागत नाही.

गादी पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे आईचे मत पडले. म्हणून एका शनिवारी अण्णांना आणि तिला घेऊन मी कलबुर्गीच्या एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण होता, हुशार होता. मी त्याला प्रयोजन नीट समजावून सांगितले: वय इतके, कंबर अशी, दोन माणसे, आणि मुख्य म्हणजे आईला रात्रभर शांत झोप हवी. त्याने आम्हांला सर्वांत महागड्या गादीपाशी नेले, एका बाजूला पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि दुसऱ्या बाजूवर तो स्वतः धाडकन बसला. पेला जागचा हलला नाही.

“देखो अम्मा, पानी हल्या भी नै!”

आईने पेला पाहिला, विक्रेत्याला पाहिले. मग तिने मला हळूच विचारले, “म्हणजे हे रात्री उठले तरी मला कळायचं नाही?”

मी काही बोलण्यापूर्वीच त्या उत्साही मुलाने उत्तर दिले, “बिलकुल नै, अम्मा! बाजू का आदमी उठके गाँव को गया तो भी मालूम नै पडता!”

“मग मला ही नको,” आई म्हणाली.

मालविक्री अधिनियम, १९३० याचे १६ वे कलम मी अनेकदा न्यायालयात वाचून दाखविले आहे. ग्राहकाने आपले विशिष्ट प्रयोजन विक्रेत्याला कळविले असेल, त्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला असेल आणि तसला माल विकणे हाच त्याचा व्यवसाय असेल, तर तो माल त्या प्रयोजनास योग्य असला पाहिजे, ही शर्त कायदाच गृहीत धरतो. त्या कलमाला एक शेपूटही आहे: विवक्षित वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली, तर ही शर्त लागू होत नाही. म्हणून मी माझ्या पक्षकारांना नेहमी सांगत असतो, की नाव सांगू नका, प्रयोजन सांगा. त्या दिवशी मी प्रयोजन सांगितले होते. फक्त ते माझे होते. आई शांत झोपली म्हणजे माझी पंधरवड्याची शांती साधणार होती. तिला कंबर बरी व्हायला हवी होती आणि झोप मात्र मोडती हवी होती. त्या जुन्या गादीच्या खड्ड्यात दोघेही मध्यभागी घरंगळत. अण्णा उठले की तिच्या बाजूची नवार एकदम वर येई आणि ती जागी होई. जिला डॉक्टरांनी दोष म्हटले आणि मीही म्हटले, त्या खड्ड्यावर चार वर्षे आमचे घर सांभाळले गेले होते.

गादीबरोबर मिळणारे हमीपत्रही मी त्याच दुकानात उभ्याने वाचले. दहा वर्षांची हमी. गादी अमुक इतकी खचली तरच. तीही सपाट आणि भक्कम आधारावर ठेवली असेल तर. आणि आरामाविषयीची व्यक्तिगत पसंती हे गादीचे वैगुण्य मानले जाणार नाही. मसुदा चांगला होता. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता.

आम्ही दाराशी आलो तेव्हा विक्रेता मागून येऊन विचारू लागला, की घरी पलंग कसा आहे? नवारीचा असेल तर ही गादी चालायची नाही, वर फळ्या ठोकून घ्याव्या लागतील. आई थांबली.

“पलंग तोच राहील ना आपला?”

“राहील. फक्त वर फळ्या.”

तिने क्षणभर विचार केला. अण्णा तेवढ्यात मांडलेल्या एका गादीच्या कडेला बसले होते आणि तिच्यावरून हात फिरवीत होते.

“मग घे,” ती म्हणाली.

तिचे मत का पालटले हे मला तेव्हा समजले नाही. वकिलाने निकाल अनुकूल लागल्यावर कारणे विचारू नयेत, असा आमच्याकडे प्रघात आहे. मी पैसे भरले.

पुढच्या आठवड्यात गादी टेम्पोतून निर्ण्याला आली. सुताराने नवार सोडवून तिची गुंडाळी केली (ती आईने लगेच माळ्यावर ठेवून दिली), आणि फळ्या बसविल्या. पलंग आजोबांच्या काळचा. त्याच्या उशाकडच्या दोन्ही सांध्यांत खेळ आला होता आणि जरा हात लावला तरी तो जोराने कुरकुरे. सुतार कसबी होता. तो पाचरी तासू लागला आणि म्हणाला, “फुकटात घट्ट करून देतो, आवाजसुद्धा यायचा नाही.”

“त्याला हात लावायचा नाही,” आई माजघरातून म्हणाली. ती इतक्या तातडीने बाहेर आली, की कमरेवर हात ठेवायलाही विसरली.

सुताराने माझ्याकडे पाहिले. मी पाचरी उचलून त्याच्या पिशवीत टाकल्या.

त्या रात्री मी निर्ण्यालाच राहिलो आणि ओसरीवर अंथरूण टाकले. खाली घोंगडी, वर वाकळ. झोप लागायला पुष्कळ वेळ लागला. अडीचच्या सुमारास पलंग कुरकुरला. मी उठून बसतो न बसतो तोच आतून आईचा आवाज आला. झोपेतला, परंतु स्वच्छ.

“कुठं निघालात?”

“शाळेत. घंटा झाली.”

“आज रविवार आहे.”

काही वेळ शांतता होती. मग पलंग पुन्हा एकदा कुरकुरला.

“कोण आलंय ओसरीवर?” अण्णांनी विचारले.

“आपला मुलगा आहे,” आई म्हणाली. “झोपा.”