अंदाजपंचे

सत्तरच्या दशकात वाढलेल्या आमच्या पिढीला ‘सर्जनशील व्हा’ असं कुणी सांगितलं नाही. त्याचे वर्ग नव्हते की शिबिरं नव्हती. घरात वस्तू मोजक्या, माणसं भरपूर, आणि मे महिन्यात तर वेळच वेळ.

मुंबईत दूरदर्शन १९७२ साली आलं, पण बहुतेक घरांत राज्य रेडिओचंच. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकता ऐकता मैदान डोळ्यांपुढे उभं करायचं. एकाच चौकाराची आम्हा भावंडांनी चार वेगळी चित्रं पाहिलेली असत आणि त्यावरून जुंपेसुद्धा. त्याच सुमारास, १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू झालं. अंक एक, वाचणारे पाच. ज्याच्या हाती आधी पडे तो ऐन रंगात आलेली गोष्ट थांबवून विचारी, “सांगा, पुढे काय झालं असेल?” कधी कधी आम्ही रचलेला शेवट छापलेल्यापेक्षा बरा निघे.

दिवाळीचा किल्ला तर नकाशाशिवायच. विटा, दगड, वर ओलं पोतं, त्यावर चिखलाचं लिंपण. हळीव किंवा मोहरी कधी पेरायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. घाई केली तर रोपं उंच वाढून आडवी होत, उशीर झाला तर सण आला तरी डोंगराला टक्कल. बुरूज ढासळला की पाया रुंद हवा हे कळे. शाळेत ते फार पुढे शिकवलं. ढासळला म्हणून कुणी ओरडत नसे. चिखल फुकट होता.

दुपारी मेंढीकोट. भिडूला खुणा करायची बंदी, त्यामुळे त्याने हुकूम का राखून ठेवला, दश्शी कुणाकडे दडलीय, हे पडलेल्या पानांवरून आणि चेहऱ्यांवरून ओळखायचं. मोठी माणसं पत्त्यांत मुलांना दयामाया दाखवत नसत. त्यामुळे चुकीची किंमत लगेच चुकती होई आणि पुढचा डाव नीट खेळला जाई.

खरी शाळा मात्र स्वयंपाकघरात. रव्याच्या लाडवांचा पाक आई अंगठा आणि तर्जनीत धरून चिमटी उघडायची. एक तार सलग निघाली की पातेलं खाली. पाक पुढे गेलाच तर दुधाचा हबका. शिकवणं असं नव्हतंच; “बघ” एवढंच म्हणायची. आम्ही बघत राहिलो, मग चिमटी पुढे केली, पोळलो आणि शिकलो. भाताच्या पाण्याला बोटाचं पेर, तेल तापलंय का पाहायला पिठाची गोळी, नारळ कानाशी हलवून. या सगळ्याला ‘अंदाजपंचे’ म्हणायची पद्धत, पण त्यामागे वर्षानुवर्षांचं निरखणं होतं.

त्याची परीक्षा सणाच्या दिवशी. नैवेद्य दाखवण्याआधी काहीच चाखायचं नाही. वीस माणसांच्या कटाच्या आमटीत मीठ, गूळ, चिंच सगळं नजरेने आणि वासावर. पंगतीत पहिला भुरका मारला गेला की आई वाढता वाढता आजोबांकडे बघायची. ते मान वर न करता म्हणायचे, “अजून वाढ.”