काकूंची रोड बाइक

आमच्या घरातली पहिली सायकल बाबांची. काळी, चोवीस इंची ॲटलस. हँडलला डायनॅमोचा दिवा, मागे डबा अडकवायचं कॅरिअर. बाबा तिच्यावर इतके ताठ बसत की फर्स्ट शिफ्टला नाही, कुणाच्या लग्नाला निघालेत असं वाटावं. दांडीखालून पाय घालून, कंबर वाकडी करत मी तिच्यावरच शिकले. पुढे कॉलेजला लेडीज सायकल आली, तिच्या चेनकव्हरमध्ये ओढणी अडकायची. मग स्कूटी आली आणि सायकल जी सुटली ती मुलगा बारावी होईपर्यंत.

पुन्हा सुरुवात केली ती सरळ हँडलच्या हायब्रिडवर. बरी होती. पण रविवारी खडकवासल्याकडे जाताना वाकड्या हँडलवाले पाठीमागून यायचे आणि ‘गुड मॉर्निंग’ पूर्ण व्हायच्या आत वळणाआड जायचे. शिवाय मनात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, घोळत होती. रोड बाइक घ्यायचं ठरलं.

दुकानातल्या मुलाने दोन काढून ठेवल्या. पहिली रेसची. तिच्यावर बसले तर हँडल पार खाली आणि लांब, समोरचं दिसायला मान उचलावी लागत होती. दुसरी एन्ड्युरन्स प्रकारातली. तिचं हँडल दोन-अडीच सेंटिमीटर वर आणि थोडं जवळ. ऐकायला हे काहीच नाही, पण पहिलीवर अंगाचा भार तळहातांवर येत होता आणि दुसरीवर तो बैठकीवर गेला. ‘काकू, पहिली किलोभर हलकी आहे,’ मुलगा म्हणाला. शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नसावी, असा यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. काकूंना अशी अट नाही आणि काकूंकडे उतरवण्यासारखे किलो फुकटात उपलब्ध आहेत.

रेसवालीचा मुद्दा खोटा नाही. सपाटीवर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, म्हणून जो वाकेल तो पुढे जाईल. पण वाकून टिकलं पाहिजे ना! तासाभराने पाठ दुखून उठून बसलात की छाती पुन्हा वाऱ्याला आडवी. २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-पोह्यांसकट ताशी पंधराची सरासरी. तिथे प्रश्न वेगाचा कमी आणि बैठकीचा जास्त.

आराम आणि वेग एकमेकांचे वैरी आहेत, हे मला कधीच पटलं नाही. हवेच्या टायरचीच गोष्ट घ्या. डनलप हा बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर धक्के बसू नयेत म्हणून त्याने १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. हेतू निव्वळ आरामाचा. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने तेच टायर लावून बेलफास्टमध्ये शर्यती मारल्या. रस्ता खडबडीत असला की टणक चाक उडतं आणि पुढे जाण्याची ताकद माणसाला हलवण्यात वाया जाते. मऊ चाक खड्डा पोटात घेतं. व्यावसायिक शर्यतींतसुद्धा २३ मिलिमीटरचे टायर मागे पडून २८ आणि त्याहून रुंद आले, ते उगाच नाही. आणि ते तर युरोपातले रस्ते!

मी दुसरी घेतली. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे सर्वांत मोठी चकती ३४ दात्यांची. म्हणजे हलक्या गिअरला पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा, जेमतेम दोन मीटर. बोपदेव घाटात लोक चालत माझ्याबरोबर गप्पा मारत येऊ शकतात, पण मी उतरत नाही.

पहिली रोड बाइक घेत असाल तर ती निदान अर्धा तास बाहेर, खऱ्या रस्त्यावर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि दुकानदाराला आधी वजन विचारू नका. ‘हिच्यात ३२ चा टायर बसतो का?’ हे विचारा.