बांधावरून जाऊ नका

पन्हाळा ते पावनखिंड चालून आले, पायांचे फोड केव्हाच बरे झाले, पण त्या बांधावरचा प्रसंग आठवला की अजून डोकं तापतं.

वाट सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज भर पावसात याच बाजूनं विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंनी प्राण दिले. म्हणून दर पावसाळ्यात इथं गटच्या गट येतात. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस. आम्हीही तसेच निघालो. मसाई पठारावर धुकं इतकं, की पुढच्याची फक्त पाठपिशवी दिसत होती.

पठार उतरलो आणि भातखाचरं लागली. रोपलावण चालू होती. वाटेत नडगीभर लाल चिखल. पुढच्या काहींनी बूट वाचवायला बांध धरला आणि अख्खी रांग त्यांच्या मागून चढली. घरची दोन माणसं गेली तर बांधाला काही होत नाही; एवढी माणसं गेल्यावर ओली माती खचणारच. एका जागी तो फुटला. वरच्या खाचरातलं पाणी धो धो खाली आलं आणि नुकतीच लावलेली रोपं उपटून कोपऱ्यात गोळा झाली. घसरणारे तर थेट रोपांतच पडत होते.

इरलं घेतलेली एक बाई कंबर सरळ करत उठली. "दादा, खालनं जावा की. आत्ताच लावलंय आमी." आवाजही चढवला नव्हता तिनं. आमच्यातला एकजण म्हणाला, "मावशी, आम्ही महाराजांच्या वाटेनं चाललोय." मागून घोषणा सुरू झाली आणि तिचं पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही. ती खाली बसली. बुटांच्या ठशात रुतलेलं एकेक रोप काढून, मुळं धुऊन ती परत लावू लागली.

रांग थांबवा, असं मी म्होरक्याला सांगितलं. तो म्हणाला, "कुणाकुणाला सांगणार?"

महाराजांच्या नावानं चालता ना? मग चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला त्यांनी काय बजावलं होतं, तेही वाचा. लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला त्रास देऊ नका, अशी ती सक्त ताकीद आहे. ती घोड्यांवरच्या फौजेला होती. आपण तर हौसेनं चालणारी माणसं.

त्या रात्री मुक्कामाच्या घरी आजींनी आमचे ओले कपडे चुलीशेजारी वाळत घातले, गरम भाकरी वाढली. मला घास गिळवेना. पुन्हा या वाटेला यायचं नाही, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी खिंडीत उतरले, पाण्याचा आवाज कानी पडला आणि पुन्हा यायचंच, असं वाटलं. आजही वाटतं.

जाणाऱ्यांनी जरूर जावं. गट लहान ठेवा, लावणीच्या दिवसांत गावकऱ्यांना विचारून वाट धरा, बांध फुटलाच तर थांबून बांधून द्या. आणि बूट चिखलात घाला. ते धुता येतात.