दल सरोवरापासून आमच्या गच्चीपर्यंत

2023 च्या जून महिन्यात आम्ही पाच शिक्षिका काश्मीरला गेलो होतो. नागपूरहून जम्मूपर्यंत रेल्वे आणि पुढे श्रीनगरपर्यंत गाडी. बाकीच्या चौघींना गुलमर्गची ओढ होती. मला दल सरोवरावरचा भाजीबाजार पाहायचा होता आणि त्यासाठी पहाटे चारला उठून शिकाऱ्यात बसावे लागते. शेवटी एकटीच गेले.

बाजार म्हणजे नुसत्या होड्या. एकीला एक चिकटून उभ्या. त्यांत दुधीभोपळे, काकड्या, हाकच्या म्हणजे तिकडच्या पालेभाजीच्या जुड्या. शेतकरी होडीच्या टोकावर उकिडवे बसतात, भाव ठरला की माल या होडीतून त्या होडीत जातो. ऊन वर येईपर्यंत सारे आटोपते. पाय जमिनीला लागतच नाही.

परतताना शिकारेवाल्या चाचांनी होडी एका अरुंद पाणवाटेत घातली. दोन्ही बाजूंना हिरवे वाफे होते. त्यांनी वल्ह्याने एका वाफ्याला ढोसले, तर अख्खा वाफा हलला! खाली पाणीच होते. याला तिकडे ‘राद’ म्हणतात. सरोवरात उगवणाऱ्या लव्हाळ्या-पाणकणसाच्या मुळांचे दाट जाळे तयार होते. त्याच्या लांब पट्ट्या तळापासून कापून मोकळ्या करतात, त्यावर पाण्यातले शेवाळ-गवत आणि तळचा गाळ रचतात, आणि वाहून जाऊ नये म्हणून पट्टीतून लाकडी खांब तळात रोवतात. त्यावर काकडी, टोमॅटो, टरबूज, भोपळा. पाणी घालावे लागत नाही, मुळे खालून पितात.

चाचा हसत म्हणाले, “बहनजी, यहाँ ज़मीन भी चोरी होती है.” रात्री कोणी खांब उपटले आणि राद होडीला बांधून ओढत नेली, तर सकाळी मालकाचे शेतच जागेवर नसते. आमच्या सोबतिणींना ही गंमत सांगितली तेव्हा त्या खूप हसल्या. मला मात्र आईची आठवण झाली.

माझी आई भिवापूरकडची. सारा जन्म दुसऱ्याच्या शेतात मिरची तोडण्यात गेला. 1964 मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, त्यात तिचे वडील तुरुंगात जाऊन आले होते. जमीन मात्र घरात आली नाही. काश्मीरला जाण्याआधीच्या वर्षी आई पडली, मांडीचे हाड मोडले, आणि मी तिला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणले. खायला-प्यायला कमी नव्हते. पण दिवसभर ती खिडकीशी बसून हात चोळत राही. एकदा म्हणाली, “तुमच्या इथं एक वाफा लावाले जागा नाई का वो?” जागा नव्हती. गच्ची चार भाडेकरूंची, आणि मातीने स्लॅब गळतो म्हणून घरमालकाने कुंड्यांनाही मनाई केलेली.

दलवरून परतल्यावर मी वाचायला घेतले. राद पूर्णपणे मातीविना नाही, गाळ तर असतोच. पण रोपाला माती म्हणून माती लागत नाही. मातीतून मिळणारा आधार, क्षार, पाणी आणि मुळांना हवा, एवढेच लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिके यांनी 1930 च्या सुमारास नुसत्या क्षारयुक्त पाण्यावर टोमॅटोचे उंच वेल वाढवून दाखवले. या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ म्हणतात. शब्द ग्रीक आहे: हायड्रो म्हणजे पाणी आणि पोनोस म्हणजे श्रम. मला हा अर्थ फार आवडला. आपल्याकडेही 1946 मध्ये शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला याचे प्रयोग केले होते, आणि ते साध्या, स्वस्त साधनांवर.

घरात यंत्रे, पंप, वीज असले काही नको होते. हवाई बेटांवरील विद्यापीठातल्या क्रॅटकी यांची एक पद्धत आहे, तिला पंप लागत नाही. मीही तीच घेतली. ऐकायला ती इतकी सोपी वाटते की माणूस हमखास चुकतो. मी तीनदा चुकले.

पहिल्यांदा मोठ्या पारदर्शक बरणीत पाणी भरले आणि कोणाच्या तरी सल्ल्याने चिमूटभर युरिया टाकला. आठ दिवसांत पाणी हिरवे झाले आणि रोप पिवळे पडले. उजेड मिळाला की शेवाळ येणारच, म्हणून भांडे अपारदर्शक हवे. आणि युरियाचे रोपाच्या कामाचे रूपांतर मातीतले सूक्ष्म जीव करतात. आपल्या बरणीत ते कुठले?

मग हायड्रोपोनिक्सचे खत मागवले. ते दोन भागांत येते. मी वेळ वाचवायला दोन्ही भाग एकाच कपात घट्ट कालवले, तर तळाशी पांढरा साका बसला. एका भागातले कॅल्शियम दुसऱ्यातल्या फॉस्फेट-सल्फेटला धरून बसते, मग ते रोपाला मिळत नाही. आधी भांड्यात सगळे पाणी घ्यायचे, पहिला भाग टाकून ढवळायचे, मगच दुसरा. माप पुडीवर असते. कोवळ्या रोपांना त्याच्या निम्मे पुरे.

भांड्यासाठी आईनेच तोड काढली. नागपुरात उन्हाळा संपला की घरोघरी कूलर झाकून पडलेले असतात. आमच्या कूलरची खालची टाकी फायबरची, वीतभर खोल. (लोखंडी टाकी घेऊ नका, तिच्या पत्र्यावरचे जस्त पाण्यात उतरते.) टाकी धुऊन गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली. झाकण म्हणून टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, त्याला सुरीने भोके. दह्याच्या प्लॅस्टिकच्या कपांना तापलेल्या सुईने छिद्रे पाडली, त्यांत दोन-तीनदा धुतलेला नारळाचा भुसा भरला आणि प्रत्येकी दोन-तीन पालकाचे बी. कप भोकांत बसवले, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असे. पाण्याचा आम्लपणा कागदी पट्टीने पाहिला. आमच्या नळाचे पाणी सातच्या वर भरले. साडेपाच ते साडेसहा हवे, म्हणून त्यासाठी मिळणाऱ्या आम्लाचे थेंब टाकले.

आई खुर्चीत बसून पाहत होती. “मातीबिगर कुठं पालक येते काय? पोरीचं डोस्कं फिरलं!”

पालक आला. पण तिसरी चूक व्हायचीच होती. पाणी घटलेले दिसले की मी टाकी काठोकाठ भरू लागले आणि रोपे माना टाकू लागली. पाणी जसे खाली जाते तशी वरची मुळे दमट हवेत मोकळी होतात, आणि ती हवा घेतात. आपण पुन्हा वरपर्यंत भरले की ती बुडून गुदमरतात. भरायचेच तर खालच्या थोड्या भागापुरते भरावे, वरची मुळे उघडी ठेवावीत. गंमत अशी की हे मला पुस्तकाआधी आईने सांगितले. पावसात शेतात पाणी तुंबले की मिरची कशी उभी मरते, ते तिने आयुष्यभर पाहिले होते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. महानगरपालिकेची बाई डासअळ्या तपासायला आली आणि तिने थर्माकोल उचलून आत बॅटरी मारली. अळ्या होत्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्या दिवशी मला सगळ्या इमारतीसमोर मान खाली घालावी लागली. सगळे पाणी फेकून टाकी घासली, जुन्या मच्छरदाणीचे कापड झाकणाखाली ताणून चिकटवले आणि कपांभोवतीच्या फटी बुजवल्या. ज्यांना दर आठवड्याला झाकण तपासणे जमणार नाही, त्यांनी या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबरअखेर पेरलेला पालक डिसेंबरात हाताशी आला. बाहेरची पाने खुडली की आतून नवी येतात. आईने काठी टेकत गच्ची गाठली आणि पहिली जुडी स्वतः खुडली. मिरची तोडणाऱ्या बोटांची ती लकब होती, देठ न पिळता अंगठ्याने टचकन. जुडी तिने खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला पाठवली. आमच्या वाट्याला दुसरा खुडा आला. चवीला पाणचट लागेल असे वाटले होते, तसा नव्हता.

“शेत नाई म्हनता येत याले,” जेवताना आई म्हणाली. “पन आपलं हाये.”

मार्च लागला आणि टाकीतले पाणी दुपारी कोमट होऊ लागले. हिरवी जाळी बांधली, तरी मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली. कोमट पाण्यात मुळांसाठी हवाच कमी राहते, आणि आमच्या उन्हापुढे जाळीचे काय चालणार? शिवाय आता कूलरला टाकी हवी होती. कडेची दोन रोपे तेवढी आईने तुरे येऊ दिले होते, त्यांना कोणाला हात लावू दिला नाही. टाकी खाली उतरवली त्या दिवशी तिने ते सुकलेले तुरे हातावर चोळले, बी पाखडले आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवले.