आधी पंप, मग पुढारपण

नाशिक, ऑक्टोबर

चि. मृणाल,


तुझा मेसेज वाचला. अग्निशमनातल्या क्रू लीडरच्या कोर्सला तुझं नाव लागलं, फार बरं वाटलं. तुझ्या मामीने लगेच देवापुढे साखर ठेवली आणि त्याच दमात ‘हिला हे नसते उद्योग सांगितलेत कोणी’ असंही म्हणून घेतलं. दोन्ही मनापासून. पण खाली तू लिहिलंस, ‘पंपाचा कोर्स उरकला एकदाचा. फारच बोअर. पंपावर काय, कोणीही उभं राहतं.’ तिथे माझा चहा गार झाला. कोणीही? अगं, तुझ्या मामाची सगळी नोकरी त्या ‘कोणीही’त गेली!

क्रू कसा सांभाळायचा ते दोन ओळींत सांगा म्हणतेस. दोन ओळींत सांगायची सवय असती तर मी साहेब झालो असतो. तेव्हा वाच निमूटपणे.

बंबाचा पंप हवा ओढू शकत नाही. प्रायमिंग करून आतली हवा काढली, पाणी भरलं, की मगच तो चालतो. सक्शनच्या एका कपलिंगमधला रबरी वॉशर पडलेला असला, तरी इंजिन कितीही रेस करा, थेंब यायचा नाही. तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांचे ते ‘डॅम’, म्हणजे आपली शेततळीच. उन्हाळ्यात त्यांचं पाणी खाली जातं. पुस्तकात दहा मीटरवरून पाणी उचलता येतं. प्रत्यक्षात साताच्या पुढे पंप रडायला लागतो. स्ट्रेनर, म्हणजे सक्शनच्या टोकाची जाळी, पाण्यात पुरेसा बुडाला नाही तर वर भोवरा फिरतो आणि त्यातून हवा आत जाते. मग पंपाच्या पोटात खडी वाजल्यासारखा आवाज येतो. तो आवाज गेजच्या काट्याआधी कानाला कळला पाहिजे, आणि सुई थरथरली की हात थ्रॉटलवर गेला पाहिजे.

एकदा शहराबाहेरच्या एका गोदामाला आग लागली होती. आमचे तेव्हाचे साहेब पुढून ओरडत होते, ‘प्रेशर वाढव! प्रेशर वाढव!’ होज मात्र भलताच लांब टाकलेला, आणि त्यात एका वळणावर पीळ पडलेला. पाण्याचा प्रवाह दुप्पट केला की होजमधलं घर्षण चौपट होतं, आणि दर दहा मीटर चढाला एक बार प्रेशर तसंच जातं. वाढवून वाढवून किती वाढवणार? आणि वाढवलंच असतं तर पुढे होजच्या टोकाचा ब्रँच धरलेला पोरगा उलटा पडला असता. मी पळत जाऊन पीळ काढला तेव्हा पाणी आलं. साहेबांना वाटलं, त्यांच्या ओरडण्यानेच आलं. पंप न कळणारा माणूस पुढे उभा राहिला की असं होतं. म्हणून माझं ठाम मत आहे, आणि तू हसलीस तरी ते बदलणार नाही: ज्याने पंपाचा आवाज ऐकून आग विझवलेली नाही, त्याच्या हाती चार माणसांचे जीव देऊ नयेत.

तुझ्या टँकरवर ३.४ लिहिलंय म्हणालीस. म्हणजे ३००० लिटर पाणी आणि चारही चाकांना जोर. मिनिटाला ३०० लिटर सोडलंस तर दहा मिनिटांचा खेळ. दोन लाइनी लावल्यास तर पाचच. हा हिशेब लीडरच्या डोक्यात सतत चालू हवा.

का, ते तू लिंटनला गेलीस की कळेल. बॅलरॅटच्या पुढे, तुझ्या मेल्टनपासून फार लांब नाही. २ डिसेंबर १९९८. जिलाँग वेस्टच्या टँकरवरचे पाच स्वयंसेवक तिथे वणव्यात दगावले. टाकी भरून आणायला निघाले होते आणि वारा फिरला. व्हिक्टोरियात उत्तरेचा तापलेला वारा वळून नैऋत्येकडून येऊ लागला की आगीची लांबलचक बगल क्षणात तिचं तोंड होते. शेजारच्या टँकरमध्ये थोडं पाणी शिल्लक होतं, ती माणसं वाचली. त्यानंतर तुमच्या कंट्री फायर अथॉरिटीने राखीव पाण्याची आणि प्रशिक्षणाची शिस्त कडक केली. ‘टाकीत किती उरलंय?’ हे तू विचारण्याआधी पंपवाल्याने सांगायला हवं, आणि त्याने सांगितलं की तू थांबायला हवंस. ‘अजून एवढं झुडूप विझवून निघू’ म्हणायचं नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. वणीच्या डोंगरावर तूच म्हणाली होतीस, ‘अजून एकच वळण.’

आता पाणी असलं म्हणजे झालं असंही नाही, नाहीतर म्हणशील मामाला पंपापलीकडे काही दिसत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. पाण्याला काय तोटा, समुद्रच शेजारी. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. बंबांवर बंब आले, माणसं पाणी मारत राहिली आणि चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. दरवर्षी त्या दिवशी आम्ही परेडला उभे राहायचो तेव्हा मला एकच वाटायचं, ‘मागे फिरा’ म्हणणारा आवाज तिथे वेळेवर उठला नाही. तुझं काम तेच. ब्रँच धरायला पुष्कळ जण आहेत.

ताईला यातलं काही कळवलेलं नाही. तिला वाटतं तू शनिवारी मुलांना आगीची माहिती देतेस. ते तुझं तू निस्तर. मला मध्ये ओढू नकोस, तिचा फोन आला की मला खोटं बोलता येत नाही. रात्री तुझं घड्याळ साडेपाच तास पुढे धरून बातम्या बघत बसतो, मामी ओरडते.

तुमची वणव्याची वेळ डिसेंबरात खरी जोर धरते. त्याआधी कोर्सच्या मास्तरांना सांगून एक पूर्ण दिवस पुन्हा पंपावर उभी राहा. शेततळ्यातून स्वतः सक्शन जोड, मुद्दाम एक वॉशर काढून बघ, आणि टाकी रिकामी होईपर्यंत घड्याळ लाव. किती मिनिटं टिकली ते मला लिहून कळव. लीडर म्हणून तुझं नाव त्यांना तेव्हाच पुढे पाठवू दे.

तुझा,
नानामामा