डार्विन : नव्या भिंतींचं जुनं शहर

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरल्यावर घड्याळ बरोबर चार तास पुढे केलं. मिनिटकाटा हलवावा लागला नाही, कारण हेही शहर आपल्यासारखंच अर्ध्या तासाच्या हिशोबावर चालतं. जुलै होता. इथे लोक ऋतू दोनच मोजतात, ‘वेट’ आणि ‘ड्राय’. ड्रायमधल्या कोरड्या, निरभ्र सकाळी मी एस्प्लनेडवरून चालायला निघाले. चाफा, बोगनवेल, माड. सगळी ओळखीची मंडळी. समुद्रही निळाशार, पण पाण्यात चिटपाखरू नाही. मगरींच्या इशाऱ्याच्या पाट्या वाचल्या आणि पाय आपोआप मागे आले. पोहायची हौस असणारे वॉटरफ्रंटच्या बांधीव तलावात जातात.

मला जुनं शहर पाहायचं होतं. जॉर्ज गॉयडरने १८६९ मध्ये मोजणी करून आखलेल्या रस्त्यांवर ते कुठेतरी असणारच! प्रत्यक्षात स्मिथ स्ट्रीटवर १८८३ च्या टाउन हॉलच्या छप्पर नसलेल्या दगडी भिंती तेवढ्या भेटल्या. आजूबाजूला सगळं काँक्रीट. पहिल्या तासात माझं मत झालं की या शहराला चेहराच नाही.

बंदराजवळच्या भुयारांत शिरले तेव्हा त्याचं निम्मं कारण कळलं. १९ फेब्रुवारी १९४२ ला पर्ल हार्बरवर तुटून पडलेल्याच जपानी नौदलाच्या ताफ्याने डार्विनवर हल्ला चढवला. त्या दिवशी किमान २३५ माणसं गेली, आणि नोव्हेंबर १९४३ पर्यंत बाँब पडतच राहिले. जमिनीवरच्या तेलाच्या टाक्या सुरक्षित नाहीत म्हणून ही भुयारं खोदली. युद्ध संपेपर्यंत त्यांत तेल भरायची वेळ मात्र आलीच नाही.

उरलेलं निम्मं कारण फॅनी बेजवळच्या संग्रहालयात सापडलं. तिथली पाच मीटरहून लांब ‘स्वीटहार्ट’ मगर, होड्यांच्या इंजिनांवर धावून जाणारी, आता पेंढा भरून ठेवली आहे. मुलं तिच्यापुढून हलत नव्हती. मी पुढच्या एका अंधाऱ्या खोलीत गेले. १९७४ च्या नाताळच्या रात्री आलेल्या ‘ट्रेसी’ चक्रीवादळाचा, त्याच रात्री ध्वनिमुद्रित केलेला आवाज तिथे ऐकवतात. विमानतळावरचा वेगमापक ताशी २१७ किलोमीटरची नोंद करून बंद पडला होता. मी दिवेआगरची. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आलं तेव्हा छपराचे पत्रे फाटतानाचा तो आवाज मी घरात बसून ऐकला आहे. फार वेळ थांबवलं नाही.

ट्रेसीत ६६ जण दगावले, बहुतेक घरं पडली आणि तीस हजारांहून अधिक लोकांना दुसऱ्या शहरांत हलवावं लागलं. नंतरची घरं पाया ते छप्पर लोखंडी सळ्यांनी बांधून काढली, आणि देशभरचे बांधकामाचे नियमही बदलले. बाहेर आल्यावर त्या ठोकळेबाज इमारतींकडे मी जरा आदराने पाहिलं. सुंदर दिसण्याआधी उभं राहायचं, हा त्यांचा क्रम होता.

संध्याकाळी मिंडिल बीचच्या बाजारात गेले. तिथे नारळाच्या दुधातला तिखट, आंबट लाक्सा खाल्ला. वाढणाऱ्या बाईंशी गप्पा रंगल्या. त्यांचे आईवडील वादळानंतर आले होते, शेजारच्या टपरीवालीचे त्याहून उशिरा. मग मूळचे इथले कोण, असं मी विचारलं. त्यांचं उत्तर तयार होतं : जमीन लाराकिया लोकांची, बाकी आम्ही सगळे नंतर आलेले. एवढं सांगून त्यांनी मला आणखी मिरची हवी का ते विचारलं.